कंबर अडतीस

दत्तूभिया गेल्याचं मला अन्नपूर्णा मंदिराजवळच्या भाजीबाजारात कळलं. त्यांच्या मुलाचा फोन होता, "काका, बाबा झोपेतच गेले..." ऐकता ऐकता मी नकळत पोट आत ओढलं. त्यांच्यासमोर उभं राहायची ती माझी रीतच होती.

मल्हारगंजात त्यांचं टेलरिंगचं दुकान. माझ्या मुलीच्या लग्नासाठी सूट शिवून घ्यायला गेलो, तेव्हा ऑफिसातल्या तपासणीचा कागद माझ्या खिशात होता. बीएमआय बावीस, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी बरोबर! आठवडाभर मी तो कागद भेटेल त्याला दाखवत होतो. दत्तूभियांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि माझ्या कमरेला टेप लावली.

"अडतीस. मागे चौतीस होती."

"भिया, टेप ढीली आहे तुमची."

"टेप नाही, पोट ढीलं आहे. विलास, तेरा कागद झूठा नहीं, पण अर्धंच बोलतो. वजन किती ते सांगतो, कुठे ठेवलंय ते नाही सांगत."

इतका राग आला की त्यांना खोटं पाडायला मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि ड्रॉवरमधून... टेपच काढली! म्हणाल्या, बीएमआय हा पहिला अंदाज. चरबी किती, स्नायू किती, हे त्यातून कळत नाही. हातपाय बारीक आणि पोट पुढे, असं असलं तर कंबरही मोजावी लागते. मग रक्त तपासलं. शुगर वाढलेली निघाली. मी घाबरलो होतो.

दत्तूभियांना सांगितलं, तर त्यांनी स्वतःच्या कमरेला टेप गुंडाळली. ती जेमतेम पुरली. "वजन आणि कंबर, मी तर दोन्ही पेपरांत नापास. चल, उद्यापासून फिरू." मग रोज सकाळी बड़ा गणपतीपर्यंत आमची वरात. कचोरीच्या दुकानासमोर ते हमखास थांबत. "खात नाही रे, नुसता वास घेतोय." वर्षभरात माझी कंबर पस्तिसावर आली, शुगरही आवाक्यात आली. त्यांची कंबर मात्र एकच इंच उतरली आणि तिथेच अडून बसली. तो एक इंच ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत.

परवा त्यांनीच शिवलेल्या त्या सुटाची पँट सैल होते म्हणून बायकोने उसवली. आत दोन्ही बाजूंनी दुमडलेलं भरपूर कापड. माझं पोट आणखी वाढणार, याची त्यांना खात्री असणार!

"अगंबाई, शिवणीत केवढी माया सोडली आहे भियांनी," ती म्हणाली. "कापून टाकू जास्तीची?"

मी नको म्हटलं.