वाटेवरची तार

आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावाजवळच्या डोंगरवाटेवर ताणलेली ती तार आजही आठवते. प्रकरण माझ्या नोकरीतलं नाही. पोलीस निरीक्षक म्हणून मी निवृत्त झाले होते. मुलगी तिथल्या रुग्णालयात डॉक्टर. तिच्या बाळंतपणासाठी २०२०च्या सुरुवातीला गेले आणि लॉकडाउनमुळे पुढच्या वर्षापर्यंत तिथेच राहिले.

शेजारच्या बाईंचा घोडा होता. रस्ता अरुंद, गाड्या सुसाट. एका गाडीचा आरसा त्यांच्या रिकिबीला घासून गेला, तेव्हापासून त्या जुन्या डोंगरवाटेने जाऊ लागल्या. एका सकाळी त्या घोड्याला लगाम धरून चालवत परत आणताना दिसल्या. घोड्याच्या छातीवर आडवी जखम होती. कुणीतरी वाटेवर दोन झाडांमध्ये तार बांधली होती. घोडा सावकाश चालत होता म्हणून निभावलं. दौडत असता तर दोघंही गेली असती.

तिथल्या पोलीस ठाण्याचे सार्जंट आले. मी कोण हे मुलीने सांगून टाकलं.

"मग चला," ते म्हणाले. "चार डोळे बरे."

सगळ्यांना ही टवाळ पोरांची खोडी वाटत होती. मी तार पाहिली. टोकं आत वळवून दाबलेली होती. खोडकर माणूस टोकं तशीच सोडतो. जनावरं राखणारा ती सवयीने वळवतो, अंगाला बोचू नयेत म्हणून. सार्जंटना ते पटलं. दुपारी पोस्टमनकडून खबर मिळाली, की वरचा मेंढ्यावाला मोटारसायकलवाल्यांवर भडकलेला आहे.

त्याच्या अंगणात अंतर राखून चौकशी झाली. म्हातारा ठाम नाही म्हणाला. सार्जंटनी माझ्याकडे पाहिलं. माझं इंग्रजी कोर्टात साक्ष देण्यापुरतं. पण संशयिताला आधी त्याचा त्रास विचारावा, हे कुठेही लागू पडतं.

"मेंढ्या कशा आहेत?" मी विचारलं.

त्याने कुंपणाकडे बोट केलं. "दोन गाभण होत्या, त्या गाभडल्या. पोरं मोटारसायकली कळपात घुसवतात."

"म्हणून तार बांधलीत?"

"त्यांच्यासाठी बांधली. घोड्यासाठी नाही."

"त्या पोरांचा गळा कापला असता," सार्जंट म्हणाले.

"हो," तो हळूच म्हणाला. "घोड्याचं कळलं तेव्हाच ते डोक्यात आलं."

त्याने गुन्हा कबूल केला. कोर्टाने समज देऊन सोडलं. पण खरी करामत शेजारच्या बाईंनी केली. ज्याच्या तारेने त्यांचा घोडा जखमी झाला, त्याच्याच दारात त्या गेल्या.

"वाट तुमच्या जमिनीतून जाते, पण ती बंद करू नका," त्यांनी सांगितलं. "मोटारसायकली मी बंद करते."

वाटेच्या तोंडाशी जमिनीलगत आडवे ओंडके टाकायचे, घोडा पाय उचलून ओलांडतो, मोटारसायकल अडते, अशी त्यांची युक्ती. ओंडके म्हाताऱ्याने दिले. सार्जंटनी कौन्सिलच्या मागे लागून रस्त्यावर 'घोडे आहेत, सावकाश' असे फलक लावून घेतले.

ओंडके बसवून झाले त्या दिवशी आजूबाजूचे सगळे स्वार आले. बाईंचा बरा झालेला घोडा पहिला निघाला. ओंडक्यांपाशी थबकला, हुंगला आणि एकेक पाय उचलून पार झाला. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात म्हाताऱ्याच्या. पुढच्याच आठवड्यात दोन मोटारसायकली येऊन तिथून मुकाट वळल्या, हे त्याने आम्हाला दारात येऊन सांगितलं. चेहरा नुसता फुलला होता.

नोकरीत आरोपपत्र दाखल झालं की आमच्या लेखी तपास संपायचा. गुन्हा घडला ती जागा मात्र तशीच राहायची, आणि काही महिन्यांनी तिथूनच पुन्हा फोन यायचा. जागाही सुधारावी लागते, हे मला वर्दी उतरवल्यावर कळलं. मुलगी फोनवर सांगते, आता त्या वाटेवर रोज घोडे दौडतात, आणि पलीकडे मेंढ्या मान वर न करता चरतात.