डोंगरे साहेबांची टाकी बंद होणार नाही

भोजराज डोंगरे साहेबांशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली. निवृत्तीनंतर मी वैशाली नगरात राहायला आले, तेव्हा समोरच्या खिडकीतून रोज संध्याकाळी निळा उजेड माझ्या बैठकीत यायचा. चार दिवस सोसलं, पाचव्या दिवशी तक्रार घेऊन गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, बसायला खुर्ची दिली, हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "मॅडम, रागवा, पन पयले हे पाहून घ्या." काचेच्या टाकीत चामड्याच्या रंगाचं, तळहाताएवढं एक छत्र उभं होतं आणि त्यावर शेकडो बारीक बोटं हलत होती. मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. 'प्रवाळ हा प्राणी आहे' हे वाक्य किती वह्यांत लाल शाईने तपासलं असेल! जिवंत प्रवाळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, तोही समुद्रापासून इतक्या दूर. दुसऱ्या दिवशी साहेबांनी खिडकीला जाड पडदा लावला. तो काढा, असं सांगायला मीच पुन्हा गेले.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला कळवलं की साहेबांच्या 'छंदावर' चार ओळी द्याव्यात आणि शेवटी 'आता त्यांनी विश्रांती घ्यावी' असं जोडावं. कारण पंच्याहत्तरीच्या समारंभाआधीच टाकी मोडायची असं ठरलं होतं. थंडी सरता सरता साहेब पाण्याचा कॅन उचलताना ओल्या फरशीवर घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. मग नागपूरला असलेल्या मुलाने ठरवलं, हितचिंतकांनी माना डोलावल्या. साहेबांना विचारायचं कोणाला सुचलं नाही. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला शाल द्यायची आणि त्याचं काम काढून घ्यायचं, याला गौरव म्हणतात, हे मला कोणत्याही शाळेत शिकवलं नव्हतं. म्हणून चार ओळींऐवजी मी हे सबंध पान मागून घेतलं.

साहेबांनी इथल्या कारखान्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरी केली. बॉयलरच्या पाण्यात कॅल्शियम राहू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. घरी आता तेच कॅल्शियम कमी पडू नये म्हणून ते दर आठवड्याला ब्युरेटची मापनळी लावून बसतात. "जनमभर ज्याले हाकललं, त्यालेच आता जेवाले बोलावून राहिलो," असं ते म्हणतात. त्यांच्या पत्नी शांता वहिनींचं मत वेगळं आहे: "माह्या वरणात मीठ हाय का नाही, हे यायले कधी समजलं नाही. टाकीतलं मीठ बराबर समजते!" आपल्या उन्हाळ्यात टाकीवर पंखे चालतात आणि पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. माझी स्वतःची लहान टाकी झाली तेव्हा मी महिनाभर खारं पाणी ओतत राहिले. साहेब हसले नाहीत. वहिनी हसल्या.

त्यांच्याकडे एक शाळकरी वही आहे. प्रत्येक प्रवाळाला एक पान: नाव, ओळखीची खूण आणि त्याखाली 'याला काय नको'. काय हवं, ते नंतर. ओळख पटल्याशिवाय कोणताही जीव टाकीत जात नाही. रायपूरच्या एका विक्रेत्याने एकदा नरम जात म्हणून एक देखणा हिरवा तुकडा पुढे केला. साहेबांनी भिंगातून मांसाखालच्या चुन्याच्या धारदार कडा पाहिल्या. "हे दगडी प्रवाळ हाय. हे ठेवणं कायद्यानं मना हाय."

"अंकल, कौन देखने आएगा?"

"मी पाहून राहिलो ना," साहेब म्हणाले आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. असे तुकडे दिवाणखान्यात मांडून जी मंडळी समारंभात पहिल्या रांगेत बसणार आहेत, त्यांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा.

आता एक गोष्ट, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. माझ्या टाकीसाठी मी साहेबांना न विचारता एक दगड विकत आणला होता. त्यावर मळकट तपकिरी बटणांसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. मला ती घाण वाटली. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी शिकवलेला नियम एकच: घाण दिसली की उकळतं पाणी. मी दगड पातेल्यात घालून गॅसवर ठेवला. तेवढ्यात साहेब पाणी तपासायला आले.

"काय चढवलं मॅडम?"

"दगड. निर्जंतुक करते आहे."

दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर न चुकता चपला काढणारा तो माणूस चपलांसकट आत शिरला. गॅस बंद, पातेल्यावर झाकण, खिडक्या सताड उघड्या. आणि माझा दंड धरून मला थेट अंगणात आणलं. गल्ली पाहत होती. मी त्यांना अस्खलित इंग्रजीत जे बोलले ते इथे छापण्याजोगं नाही. त्यांनी मला बोलू दिलं. मग शांतपणे सांगितलं की ती बटणं हेही प्रवाळांचेच भाऊबंद. त्यांच्यातल्या काही जातींत जहर असतं, उकळलं की ते वाफेबरोबर छातीत जातं आणि माणूस दगावू शकतो. पाणी नुकतंच कोमट झालं होतं. "चूक माही हाय," ते म्हणाले. "वहीतलं हे पान तुमाले पयल्याच दिवशी दाखवाले पायजे होतं." मी तेव्हा माफी मागितली नाही. ती आज, छापील अक्षरांत, मागते.

गेल्या महिन्यात मुलगा प्रशांत टाकी रिकामी करायला आला, तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. तो म्हणाला, "आंटी, बाबा फिर गिर गए तो? मी नागपूरवरून कसा पोचू?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझे तयार केलेले टोमणे मी गिळले. भीती खरी होती. उपाय चुकला होता. त्याच वेळी मी पहिल्या दिवशी पाहिलेलं ते छत्र मिटून, मेणासारखं चकाकत, मान टाकून उभं होतं.

"ये तो मर गया, बाबा."

"मेलं नाही रे. कात टाकून राहिलं," प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून साहेब म्हणाले. "पंपाचं तोंड जरा इकडं कर. पाणी जोरानं फिरू दे. अन् हात नको लावू."

प्रशांतने पंप फिरवला आणि रजा वाढवली. पाचव्या दिवशी त्या मेणाचे पापुद्रे सुटले, बोटं बाहेर आली. त्याने फोटो काढले, मग बापाला विचारलं, "अजून काय काय असं मेल्यासारखं दिसते?" त्या दुपारी दोघं वही उघडून बसले. मी आणि वहिनींनी फरशीवर रबरी चटई टाकली. प्रशांतने शुद्ध पाण्याच्या पिंपापासून टाकीपर्यंत छोटा पंप आणि नळी बसवली. आता कॅन कोणालाच उचलावा लागत नाही. पाणी बदलायचा रविवार माझा, महिन्यातून एकदा प्रशांतचा. संपादकांनी 'विश्रांती'चं वाक्य दुसऱ्या कोणाच्या लेखात घालावं.

डोंगरे साहेबांना भरपूर आयुष्य लाभो, मनगट धड राहो, नजर भिंगाला साथ देवो. शंभरीच्या ग्रंथातही मीच लिहीन. तोवर ते खुर्चीत बसून हुकूम सोडतील आणि आम्ही, नावापुढे पदव्या असलेली माणसं, कोपरापर्यंत हातमोजे चढवून मुकाट्याने ते पाळू.