बू कस्मिरांचा होकार

समजा, सहा कॉम्प्युटरचं एक छोटं ऑफिस तुमच्या हाती दिलंय. भिंतीपलीकडे मेण उकळतंय. अंगणात भरतीचं पाणी शिरलंय आणि त्याच्या उजेडाची जाळी छतावर संथ हलतेय. टेबलं विटांवर चढवलेली. या सहाजणांनी उद्यापासून कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करायचं, ते तुम्ही ठरवायचं. काय निवडाल?

जावा बेटावरच्या पेकालोंगान गावातल्या त्या बाटिक कापडाच्या सहकारी सोसायटीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नींगरुमने लिनक्स निवडलं. जुन्या सिस्टीमचे अपडेट बंद झाले होते, नवी विकत घेणं सोसायटीला झेपणारं नव्हतं आणि म्हाताऱ्या मशीनवर लिनक्स हलक्या पावलांनी चालायचं. नींगरुमची आई जन्मभर कापडावर मेणाचे ठसे मारत आली. घरात डिप्लोमा घेतलेली ही पहिलीच. निवड चुकू नये म्हणून तिने लिनक्स घातलेलं एक मशीन आठवडाभर मांडून ठेवलं आणि एकेकाला विचारलं, "जमेल ना?"

"अगं, मला जुनंही कुठे येत होतं!" मॅनेजर पाक सुदार्मो म्हणाले.

नक्षी काढणाऱ्या बू कस्मिरा हसल्या; तिकडे 'पाक' म्हणजे काका, 'बू' म्हणजे मावशी. "हो बाळा, छान आहे."

झालं. नींगरुमने सगळ्या जुन्या डिस्क काढून कपाटात ठेवल्या आणि नव्या बसवल्या.

त्यानंतर चार दिवस बू कस्मिरांचा पडदा काळाच राहिला. त्या खिडकीशी बसून कागदावर पेन्सिलीने फुलांचे गुच्छ काढत राहायच्या, पाकळीमागून पाकळी, जणू झोपेतच.

"बू, मशीन का नाही लावत?"

"डोळे दुखतात गं जरा."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कागदावर मन रमतं."

पाचव्या दिवशी पाक सुदार्मोंनी चहा ढवळत सांगितलं, "बू महिनाअखेर काम सोडतायत. नातवंडं सांभाळायला जायचंय म्हणे."

"नातवंडं? त्यांच्या एकुलत्या मुलीचं तर लग्नही झालेलं नाही!"

"मग काय तोंडावर नाही म्हणतील तुला? कॉम्प्युटर शिकलीस, आता जरा जावानी व्हायला शीक, होकारातला नकार ओळखायला!"

नींगरुमने जाऊन बूंचं मशीन सुरू करून पाहिलं. बूंची एकोणीस वर्षांची नक्षी एका जुन्या, छोट्या प्रोग्रॅममध्ये होती. फायली तिने जपून नव्या डिस्कवर नेल्या होत्या. पण तो प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमखेरीज चालतच नव्हता. बूंनी पहिल्याच दिवशी हे पाहिलं असणार.

या वेळी तिने कुणालाच विचारलं नाही. कपाटातली डिस्क काढून बूंच्या मशीनमध्ये परत बसवली, अपडेट नसलेलं मशीन नेटवर धोक्याचं, म्हणून नेटवर्कची तार उपटली. पाच लिनक्सवर, एक जुन्यावर, जगापासून तुटलेलं. बूंची नक्षी पेनड्राइव्हवरून बाहेर येईल. काम ओबडधोबड होतं, पण चालणारं.

दुपारी बू येऊन बसल्या. पडद्यावर एक गुच्छ उमलला, मग दुसरा. छतावरची पाण्याची जाळी खाली उतरून त्या फुलांमधून वाहतेय असं नींगरुमला वाटत राहिलं. पंख्याचा आवाजही दूर गेला.

"आता बरं आहे ना, बू?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"हो बाळा, छान आहे." तेच हसू, तोच आवाज.

पाणी ओसरू लागलं तरी नींगरुम दारात उभीच होती. महिनाअखेरनंतरही बू कामावर राहणार होत्या, की हाही पहिल्यासारखाच होकार होता?