खाटेवरची नवी चादर

ठेंगणी शिंपीण मोठी तोंडाळ. गिऱ्हाईक पोट आत ओढून माप द्यायला लागलं, की "श्वास सोडा बाई, कपडा घालायला शिवताय की फोटोला?" असं तोंडावर सुनावणारी. एका बाबतीत मात्र तिची दातखीळ बसायची.

नऊ वर्षांची असताना ती कॅन्सरच्या वॉर्डात होती. औषधांनी तिची उंची खुंटली ती तेव्हाच. शेजारच्या खाटेवर बोका. सगळ्यांच्या वाटणीचं दूध गट्टम करायचा म्हणून बोका. खिडकीपाशीच्या खाटेवर चिमणी, वॉर्डातली सगळ्यांत चिमुकली पोर. एका सकाळी चिमणी दिसेना, तिच्या खाटेवर नवी चादर. ठेंगणी काही बोलणार, तोच बोक्याने तिचा हात दाबला. तेव्हापासून पोरांचा नियमच झाला: खाट रिकामी दिसली, तर विचारायचं नाही.

ही दोघं वाचली. बोका वायरमन झाला. दरवर्षी तपासणीला दोघं एकाच तारखेला यायची, एकाच बाकावर बसायची. ती टेप काढून त्याची छाती मोजायची, अर्धा इंच वाढली तरी खूश व्हायची, आणि पुढच्या वर्षी त्या मापाचा शर्ट आणायची.

यंदा बोका आलाच नाही. शर्ट मांडीवर घेऊन ती दुपारपर्यंत बसली आणि मुकाट घरी आली.

"अगं, नुसता फोन तरी कर!" आई रोज कानीकपाळी ओरडायची.

"नको."

फोन केला नाही तोवर बोका जिवंत होता, एवढंच तिला कळत होतं. शर्ट खुंटीवर लटकत राहिला.

तीन महिन्यांनी आईनेच वैतागून नंबर लावला आणि फोन तिच्या कानाला चिकटवला.

"हॅलो?" बोकाच!

"मेल्या, आहेस होय!" तिचा आवाज चिरकला.

"शिडीवरून पडलो, पाय मोडला. पण तू? एवढी बडबडी बाई, आणि एक फोन नाही! मला वाटलं, तूच..."

"मग विचारायचं नाही?"

"तू विचारलंस?"

दोघंही खो खो हसत सुटली. हसता हसता ती थांबली. बावीस वर्षं घशात अडकलेलं एकदम बाहेर पडलं.

"बोक्या, चिमणीचं काय झालं रे?"

"गेली गं. त्याच पहाटे. मी जागा होतो."

"आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

ठेंगणीने खुंटीवरचा शर्ट ओढला, तोंडाशी धरला आणि आईच्या देखत हमसून हमसून रडली.