दसऱ्याला विकायची गाडी

आमच्या पिंपळवंडीत गाडी म्हणजे पिकअप. बाकी सगळी नुसती हौस. मी वीस वर्षं भाजीच्या रोपांची नर्सरी चालवते, आणि ही सगळी वर्षं मागे टोमॅटोच्या रोपांचे ट्रे खडखडत असताना पिकअपच्या फळीसारख्या सीटवर काढली आहेत. म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मी पुण्याहून बारा वर्षं जुनी, काळीभोर, सहा सिलिंडरची जर्मन गाडी चालवत घेऊन आले, तेव्हा कोणाला कारण सांगावं असं मला वाटलं नाही. घरच्यांना मात्र ते हवं होतं.

"वैनी, हिच्यात ट्रे किती बसत्याल?" धाकट्या दिरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले. "म्हणून तर घेतली."

खोटं कशाला बोलू, तिने छळ छळ छळलं. ती इतकी बुटकी, की गावातला गतिरोधक तिरका घेतल्याशिवाय ओलांडता येत नाही. सरळ गेलं की तिचं पोट खरवडतं. पेट्रोल पाण्यासारखं पिते. पुढचा एक दिवा गेला, त्याची किंमत ऐकून आमच्या ह्यांनी शांतपणे विचारलं, "दिव्याची सांगतेस की गाडीची?" दोन वर्षांत ती तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा तर नारायणगावच्या भर बाजारात, टोमॅटोचे क्रेट भरलेल्या पिकअपच्या रांगेपुढे. हॉर्न वाजवणाऱ्यांत निम्मे माझ्याकडूनच रोपं नेणारे होते.

त्याच आठवड्यात दिरांनी गिऱ्हाईक आणलं. मंचरकडचा माणूस होता, आणि त्याला गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावरच घ्यायची होती. दिरांनी परस्पर दिवस ठरवूनही टाकला. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्याला ही गाडी शिनोलीच्या पुढचा चढ चढून, वाटेत बंद न पडता घरी आली, तर राहील. पडली तर त्याच संध्याकाळी किल्ली देईन." बोलले आणि लगेच पस्तावले.

कारण ती गाडी मला सोडवत नव्हती. सकाळी हायवे मोकळा असला की पायाने जरासं दाबायचं. आधी खालच्या पट्टीत एक घुमारा उठतो, मग सीट पाठीला घट्ट धरते आणि रस्ता आपणहून मागे पळायला लागतो. आजवर मी जिथे गेले तिथे कोणाचं तरी ओझं पोचवायला गेले. या गाडीत मी फक्त स्वतःला घेऊन जाते. याची किंमत कशात मोजायची ते मला अजून कळलेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी दिरांनी, मंचरच्या पाहुण्यासमोर चकाचक दिसावी म्हणून, गाडी धुतली. फवारणीच्या पंपाने. ट्रॅक्टर धुतात तशी, बॉनेट उघडून, इंजिनावर सणसणीत फवारा मारून. मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा ते मोठ्या कौतुकाने काच पुसत होते. मी किल्ली फिरवली. इंजिन लंगडलं, दोनदा खोकलं, समोरच्या तबकडीवर सगळे दिवे लागले आणि सगळं गप्प झालं.

"भाऊजी, काय केलंत हे!"

"ट्रॅक्टरला तर कायबी व्हत न्हाई," ते म्हणाले. तोंड मात्र पडलं होतं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे आता इकायचीच."

"अजून फाटकाबाहेर पडलेली नाही. वाटेत बंद पडली तर, असं ठरलंय."

गाडी दुरुस्त करणाऱ्या पुण्याच्या मिस्त्रीजवळ उभं राहून मी दोन वर्षं फुकट घालवली नव्हती. प्लगच्या खोबणींत पाणी गेलं होतं. प्रत्येक प्लगवर ठिणगी पाडणारी एक कॉइल असते. त्या सहाही मी काढल्या आणि रोपांच्या मोठ्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये उन्हात मांडल्या. कुठली कुठली ते चुकू नये म्हणून वाणांच्या नावाच्या पट्ट्यांवर आकडे लिहून शेजारी खोचल्या. हे पंक्चरवाल्याकडे गेले आणि त्याचा नुकतीच पूजा झालेला कॉम्प्रेसर झेंडूच्या हारासकट पिकअपमध्ये घालून घेऊन आले. त्याच्या हवेने मी खोबणी कोरड्या केल्या. तोवर दिरांनी ट्रॅक्टर, पिकअप, पंप सगळ्यांना हार घातले. माझ्या गाडीला सोडून.

"जानाऱ्या गाडीला कशाला हार?"

दुपारी दोनला सगळं जागच्या जागी बसवून किल्ली फिरवली, आणि तिने पहिल्याच फटक्यात तो घुमारा दिला. हे माझ्या शेजारी बसले आणि दीर मागे, साक्षीदार म्हणून.

मंचर गेलं, घोडेगाव गेलं. माझा एक डोळा काट्यांवर होता. शिनोली मागे पडली, चढ समोर आला, रस्ता रिकामा होता. मी मनात म्हटलं, बाई, आता तुझी लाज तूच राख. आणि पाय दाबला.

काय चढली म्हणून सांगू! एक हुंदका नाही, एक ठेच नाही. वळणाला जमीन धरून वळली आणि सरळ मिळताच पुन्हा उसळली. मी मोठ्याने हसत होते. मागून आवाज आला, "वैनी, दमानं." वर पोचलो तेव्हा दीर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खाली जाऊन परत येकदा चढवा की."

मी चढवली.

घरी आलो तेव्हा तो मंचरचा पाहुणा पेढ्याचा पुडा घेऊन ओट्यावर बसला होता. मी सीटबेल्ट काढेपर्यंत दीर त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले होते.

"पावणं, दसऱ्याच्या दिशी घरातली लक्ष्मी कुनी भायेर काढतं का?"

"अहो भाऊ, दिवस तुमीच दिला व्हता!"

"चुकलं राव माझं. लई चुकलं. घ्या, सोनं घ्या, आन् च्या पिऊन जावा." त्यांनी त्याच्या हातात आपट्याची पानं ठेवली.

मग ते ट्रॅक्टरकडे गेले, त्याचा हार सोडला आणि माझ्या गाडीच्या नाकाला बांधायला लागले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हार गाडीला तोकडा पडत होता, त्यांना गाठ बसेना. मी जाऊन दुसरं टोक धरलं.