मोजेताईची चूक

प्रयोगशाळेत तिला सगळे मोजेताई म्हणत, आणि ते काही लाडाने पडलेलं नाव नव्हतं. हातमोज्यांची खोकी हिच्यामुळे महिन्याच्या आत रिकामी होतात म्हणून साठा सांभाळणाऱ्या कारकुनाने वैतागून ते ठेवलं होतं. कपाटाची कडी उघडली, मोजे बदल. चष्मा वर सरकवला, मोजे बदल. समोरच्याने नुसता स्वतःच्या नाकाला हात लावला तरी ही आपले मोजे बदलणार. तिच्या तोंडी शब्दही एकच असायचा. कुणाची नळी कलली, कुणी झाकण उघडं ठेवून बोललं, की मागून आवाज यायचा, "पुन्हा." ओरडणं नाही, उपदेश नाही. समोरच्याने मुकाट्याने पहिल्यापासून सुरुवात करायची.

तिचं काम बेवारस हाडांचं होतं. कुठे पाया खणताना, कुठे नाला उपसताना सापडलेलं हाड तिच्यापुढे यायचं. ते धुवायचं, सुकवायचं, वरचा थर खरवडायचा आणि बारीक ड्रिलने भोक पाडून चिमूटभर भुकटी काढायची. त्या भुकटीतून डीएनए मिळतो आणि तो हरवलेल्या माणसांच्या नातेवाइकांशी ताडून बघतात. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या हाडात डीएनए उरलेला असतो अगदी नावापुरता, आणि भुकटी काढणाऱ्याच्या थुंकीचा एक कण जरी आत गेला तरी मेलेल्याचा डीएनए बाजूला राहून जिवंताचाच समोर येतो.

असं एकदा झालंही होतं. एका चोरीत खिडकीच्या गजावर अज्ञात पुरुषाचा डीएनए सापडला आणि तीन आठवडे पोलीस त्याच्यासाठी रान पालथं घालत होते. शेवटी कळलं की तो अज्ञात रोज सकाळी हजेरी लावून प्रयोगशाळेतच येतो. एसी दुरुस्त करता करता तिथलाच वायरमन टेबलाशेजारी शिंकला होता. त्या दिवसापासून त्याला नाव पडलं फरार. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या गालाच्या आतून कापूस फिरवला गेला आणि त्यांची एक वेगळी यादी झाली. प्रत्येक निकाल आधी त्या यादीशी ताडायचा, जुळला तर समजायचं की आपल्यातल्याच कुणीतरी घाण केली. तिला सगळे घरची यादी म्हणत.

एकोणीस वर्षांत घरच्या यादीशी ताडताना मोजेताईचं नाव एकदाही निघालं नव्हतं. तिला याचा गर्व होता, आणि तो तिला शोभतही होता.

त्या सोमवारी विभागप्रमुख मॅडमनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बसा ताई. खाणीतल्या त्या मांडीच्या हाडाचा निकाल आलाय." मॅडमनी चष्मा काढला. "घरच्या यादीशी जुळतोय. तुमच्याशी."

मोजेताईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "शक्य नाही."

"होतं ताई. माणूस म्हटला की चूक आलीच. हा फॉर्म भरा, सही करा. हाड 'निष्कर्ष नाही' म्हणून परत जाईल. विषय संपला."

"परत म्हणजे?"

"पोलिसांकडे. मग पुरतील. तुम्हाला काय नवीन आहे ते?" मॅडमनी कागद पुढे सरकवला. "पुन्हा तपासणी मागायचा हक्क आहे तुम्हाला. पण दोनशे हाडं रांगेत आहेत, आणि एवढ्याशा शेऱ्याने तुमचं काय बिघडणार? शुक्रवारपर्यंत द्या."

ती बाहेर आली ती रागाने धुमसतच. व्हरांड्यातून चार पावलं गेली आणि एकदम थबकली. ती भिंतीला टेकली.

हाड फार जुनं असलं की आधी डीएनएचा एक चिवट भाग वाचतात. तो फक्त आईकडून येतो, जसाच्या तसा. एका आईची सगळी लेकरं त्या भागापुरती हुबेहूब सारखी असतात. म्हणजे तो निकाल जितका तिच्याशी जुळत होता, तितकाच तिच्या दादाशीही जुळला असता.

आणि दादा एकवीस वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच.

हे तिने प्रयोगशाळेत कुणालाही सांगितलं नव्हतं. दादा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, एका कारखान्यात फिटर. सकाळी कामाला निघताना तिचं घड्याळ न विचारता मनगटावर चढवायची त्याला खोड होती. त्या दिवशी ती चिडली आणि म्हणाली, "घड्याळ ठेवून जा, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस." भावंडं असं दिवसातून चारदा म्हणतात. तो हसला, घड्याळासकट जिना उतरला, आणि कारखान्यात पोचलाच नाही. दोन वर्षांनी तिने इथली नोकरी धरली. ती त्याला शोधायला इथे आली असं कुणी म्हटलं असतं तर तिने ते उडवून लावलं असतं.

दर बुधवारी ती हरवलेल्यांच्या आयांचे नमुने घेई. बाया तोंड घट्ट मिटून बसत, कारण नमुना देणं म्हणजे आपणच आपल्या लेकाला मेलेला म्हणणं. मोजेताई त्यांना सांगे, "नमुना दिला म्हणजे माणूस गेला असं नाही, आई. नमुना दिला म्हणजे तुम्ही त्याला शोधताय." शेकडो आयांनी त्या वाक्यावर तोंड उघडलं. तिची स्वतःची आई पहिल्याच वर्षी म्हणाली होती, "माझ्या लेकाचा नंबर लावायचा नाही त्या मढ्यांमध्ये." त्यावर मोजेताईने आपलं ते वाक्य घरी कधी उच्चारलं नाही. आई नको म्हणते, हे तिला सोयीचंच होतं.

आता सुटायची वाट अगदी सरळ होती. चूक तिची असेल, तर दादा कुठेतरी आहे. लोक आपली चूक लपवायला धडपडतात; मोजेताई त्या आठवड्यात आपली चूक शोधायला धडपडू लागली.

फॉर्मवर रकाना होता, 'चूक नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली'. तिने आपली कामाची वही काढली. त्या दिवसाचं पान ओळ न ओळ वाचलं. ड्रिलची सुई नवी. टेबल दोनदा पुसलं. मोजे अकरा वेळा बदलले. प्रत्येक खेपेला हाडाविना एक रिकामी नळीही सगळ्या टप्प्यांतून नेतात, घाण शिरली असेल तर तिच्यातही दिसावी म्हणून, तीही स्वच्छ. आपल्याच अक्षराचा तिला संताप आला. इतकं नीट कशाला वागायचं माणसाने?

शेजारच्या टेबलावर चार महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी बसायची. तिला सगळे नवी म्हणत. मोजेताईने तिला गाठलं. "त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले होते ना? माझा मास्क खाली आला होता का?"

नवीला वाटलं, ताई बचावाची तयारी करतायत. ती छातीठोकपणे म्हणाली, "अजिबात नाही. कुणीही विचारू दे, मी शपथेवर सांगेन."

"नीट आठव. थोडासा?"

"नाकावरून एक केसभरसुद्धा हलला नव्हता, ताई. तुम्ही निश्चिंत राहा."

दुपारी जिन्यात फरार भेटला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "या ताई, आता आपण एकाच टोळीतले. शिंकलात ना? कबूल करून टाका, हलकं वाटतं."

तिने त्याची बाहीच धरली. "मी शिंकले होते? तू पाहिलंस?"

तिचा चेहरा बघून तो चपापला. "चेष्टा केली हो. तुम्हाला शिंक आली तर तुम्ही तीन मजले उतरून अंगणात जाता. सगळ्यांना माहीत आहे."

संध्याकाळी घरी आई टेबलाशी बसून मटार सोलत होती. फोन वाजला तशी ती लगबगीने उठली आणि रिसीव्हर कानाला लावून गप्प उभी राहिली. एकवीस वर्षं ती फोनवर स्वतःहून हॅलो म्हणत नसे. आधी ऐकायची. पलीकडचा आवाज दुसऱ्याच कुणाचा निघाला की मग, "हं, बोला." या वेळी चुकीचा नंबर होता.

"जेवण जात नाहीये तुला दोन दिवस," आई परत बसत म्हणाली. "काय झालंय?"

"कामात चूक झाली माझ्या हातून."

आई चक्क हसली. "तुझ्या? लहानपणी पाटीवरची रेघ वाकडी आली तर अख्खी पाटी पुसायचीस. तुझ्या हातून कसली चूक होतेय?"

कुणी म्हणून कुणी तिच्यावर खापर फोडायला तयार नव्हतं. जो तो तिला निर्दोष सोडत होता, आणि प्रत्येक वेळी तिच्या काळजात धस्स होत होतं.

शुक्रवारी तिने पेन उघडलं. 'मास्क घसरला', दोनच शब्द लिहायचे होते. लिहिले की हाड जमिनीत जाईल, आई फोनवर गप्प उभी राहील, आणि सगळं आहे तसं चालेल. पेनाचं टोक कागदावर टेकून राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला. मास्क घसरला नव्हता. आणि ते हाड कुणाचंही असलं, तरी त्याला एक नंबर देऊन पुरणार होते ते तिच्या सहीवर.

ती मॅडमच्या खोलीत गेली आणि रिकामा रकाना पुढे ठेवला. "पुन्हा करू."

"ताई, इथे हट्ट कशाला?"

"मॅडम, मला एक मोठा भाऊ आहे. एकवीस वर्षं घरी आला नाही."

मॅडमनी फॉर्म बाजूला सारला. "आणि आईंचा नमुना?"

"नाही घेतला."

मॅडमनी कोरा कागद ओढला. तिथेच त्यांनी तपासणीचा आदेश लिहिला. काम नवीने करायचं, मोजेताईने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

पुढचे अकरा दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. तिला पाकिटांना लेबलं लावायला बसवलं होतं, पण लक्ष सगळं समोरच्या काचेपलीकडे. पहिल्याच दिवशी तिथे नवीने ड्रिल हातात घेतलं, मास्कची नाकावरची पट्टी चिमटीत दाबली, आणि त्याच मोज्यांनी हाडाकडे हात नेला. मोजेताईच्या मनात एकच आलं. होऊ दे. बिघडू दे सगळं. दुसऱ्याच क्षणी तिची बोटं काचेवर वाजली, आणि तिच्याही आधी तिचं तोंड म्हणालं, "पुन्हा."

नवीने मोजे बदलले.

बाराव्या दिवशी मॅडम स्वतः तिच्या टेबलाशी आल्या. हातात कागद होता, तो त्यांनी पुढे केला नाही. "ताई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची काहीच चूक नव्हती."

मोजेताईने हातातलं लेबल पाकिटावर चिकटवलं. ते वाकडं लागलं. तिने तसंच राहू दिलं.

सख्ख्या भावंडांत जुळावा तसा बाकीचा डीएनएही बराचसा जुळला होता. शेवटचा शब्द आईच्या नमुन्यावर होता. नातेवाइकाने नमुना घ्यायचा नसतो, म्हणून दुपारी कापसाच्या काड्यांची पेटी घेऊन नवीच तिच्याबरोबर घरी आली.

"आई," मोजेताई टेबलाशी उभी राहून म्हणाली, "एका खाणीत हाड सापडलंय."

आईने हातातली शेंग फोडली. दाणे ताटलीत पडले. मग तिने नवीच्या पेटीकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. "तू हात लावलास त्याला?"

"मोजे घालून."

"म्हणजे नाहीच लावलास."

मोजेताईला आपलं ते वाक्य आठवलं, शेकडो आयांना सांगितलेलं. ते आता म्हणायची सोय नव्हती. "मी त्याला पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं, आई. घड्याळावरून."

"माहीत आहे. मी आतच होते, ओट्यापाशी." आईने पदराला हात पुसले. "तो पार खाली पोचेपर्यंत जिन्यात हसत होता. ते मात्र तुला ऐकू आलं नसेल." मग ती नवीकडे वळली. "चल गं, काय करायचं ते कर." आणि तिने तोंड उघडलं.

मोजेताई नियमाप्रमाणे मास्क आणि मोजे घालून चार पावलं लांब, दारापाशी उभी राहिली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला जाता येत नव्हतं. कापसाची काडी आईच्या ओठाला लागून नवीच्या हातून खाली पडली. नवीने घाबरून मोजेताईकडे पाहिलं. या वेळी तिचं 'पुन्हा' आलं नाही. आईच म्हणाली, "घे दुसरी. मी बसलेय."

पाकीट बंद झालं, त्यावर सही झाली. मोजेताईने मोजे काढून टाकले, दुसरे घातले नाहीत, आणि आईजवळ जाऊन तिचा हात दोन्ही हातांत धरला. हात गार होता, त्याला मटाराचा वास होता.

फोन वाजला. आई लगेच उठली नाही. चार-पाच वेळा वाजल्यावर तिने लेकीच्या हातातून हात सोडवला, सावकाश गेली आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो," आई म्हणाली. "कोण बोलतंय?"