उपरण्याखालचा टेलिप्रिंटर

"सायेब, लाईन मेलीया! पाक मेलीया! तुमची ती पेशल लाईन!"

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी अण्णा ट्रंक कॉलवर ओरडत होते. मधली तार कापून टाकली असती तरी मला बेळगावात ऐकू आलं असतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी टेलिफोन खात्यात इंजिनिअर होतो.

"झालं काय, अण्णा?"

"आप्पा कॅम्पातनं तीनदा भाव पाठवतोय, आन् हितं नुसतं काळं उमटतंय! तिकडं त्येच्यापुढं बसल्यालं गिऱ्हाईक बाराला उठणार. वर्साचा माल वखारीत पडलाय!"

"मग आप्पांना फोनवर विचारा की."

"फोनवर? मधी ऑपरेटर ऐकत्यात! मग लाईन कशापायी घेतली?"

चूक माझीच. महिन्यापूर्वी मीच त्यांना समजावलं होतं. टेलेक्स घेतला, तर फोनसारखा नंबर फिरवायचा, एक्स्चेंज जोडून देणार, मजकूर टाइप करायचा, जोडणी सुटली. मुंबई, गुंटूर, पाहिजे तिथं पोचता येतं. पण समोरचा एंगेज असला की बसा बोटं मोडत. लीज्ड लाईनची, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या खास तारेची, दोन टोकं कायमची बांधलेली असतात. इथं निपाणीची वखार, तिथं बेळगावच्या कॅम्पात त्यांच्या धाकट्या भावाचं, आप्पांचं ऑफिस. नंबर नाही, खोळंबा नाही, पण तिसरीकडे कुठंही जाता येत नाही. टेलेक्स म्हणजे एस.टी., लीज्ड लाईन म्हणजे आपल्या मळ्याची आपली पायवाट.

अण्णांनी तेव्हा एकच विचारलं होतं, "मधी कोन बघतंय काय?"

नाही म्हटल्याबरोबर सही!

आता निघण्याआधी लाईन तपासली. सिग्नल ठणठणीत. म्हणजे दुखणं निपाणीच्या मशीनमध्ये. लाईनमन मारुतीनं जीप अशी हाणली, की संकेश्वर कधी येऊन गेलं ते संकेश्वरलासुद्धा कळलं नाही. वखारीत शिरलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. तंबाखूचा खकाणा असा, की दारातच मला सतरा शिंका आल्या. मारुतीनं मोजल्या.

आत हमाल, दलाल मिळून पंधरा माणसं. कोपऱ्यात टेबलावर एक मोठं गाठोडं. गाठोड्याला खालून धोतर आणि दोन पाय!

"अण्णा?"

गाठोडं बोललं, "या सायेब! दिसत न्हाय कायबी!"

टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर आपोआप छापणाऱ्या त्या यंत्रावर, अण्णांनी आपलं उपरणं पांघरलं होतं आणि जत्रेतल्या फोटोग्राफरसारखं डोकं आत खुपसलं होतं. उपरण्याचा काठ कागदाबरोबर रुळात ओढला जाऊन घट्ट अडकला होता. कागद सरकेना. आप्पांचे तिन्ही निरोप एकाच ओळीवर एकमेकांच्या उरावर बसले होते. नुसता बुक्का!

"हे काय केलंत?"

"भाव उघड्यावर करत्यात व्हय? चार पिढ्या उपरण्याखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून सौदा केलाय आमी. ही पंधरा जणं डोळं लावून बसल्यात!"

"मारुती, सगळ्यांना बाहेर काढ. अण्णा, डोकं काढा!"

काठ कापावा लागला. अण्णा असे विव्हळले, जणू त्यांचाच कान कापला. नवा कागद चढवला, 'रिपीट' टाइप केलं. घड्याळात बाराला चार कमी. मशीन गप्प. अण्णा मशीनसमोर हात जोडून उभे.

आणि मग कडकडकडकड! माझ्या नाकासमोर भाव स्वच्छ उमटला. अण्णांनी वाचला, एका बोटानं तीन अक्षरं ठोकली: वाय, ई, एस. पलीकडून 'ओके' आलं. अण्णांनी मारुतीला उचलून गरागरा फिरवलं, आणि मारुती म्हणजे चांगला म्हशीएवढा गडी!

त्या दिवसापासून लाईनची तक्रार आली, की खांबावर माणूस चढवायच्या आधी मी मशीनवर काय पांघरलंय ते विचारायचो.

पण त्या दिवशी निघताना मी अण्णांना शांतपणे समजावलं, "या लाईनला दोनच टोकं. इथं तुम्ही, तिथं आप्पा. तिसऱ्याला भाव कळायची सोयच नाही. उपरणं कशाला लागतंय?"

अण्णांनी मशीनवरचा कागद फाडून घेतला, चौघडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले,

"आन् आत्ता तुमी भाव वाचलासा, त्यो?"